घर ओढायचा दिवस

पडद्यावर माझा सांगाडा,
मणक्यांत तीन काळे ठिपके.
डॉक्टर ओयार्सो पेनचं टोक तिथे टेकवते,
"हे छातीतलंच आहे, एदेल्मिरा. अकरा वर्षांनी.
जागा बदलली, इतकंच."

म्हणजे घर हलवलं, मी म्हणते.
ती नुसती बघते. ती सान्तियागोची,
बेटावरचं तिला काय ठाऊक.

मी सात वर्षांची होते तेव्हा
आमचं घर केउईहून निघालं
आणि समुद्रावरून लेमुईला आलं.
दारं-खिडक्या उतरवल्या, चूल विझवली,
घराखाली ओंडके, पुढे बैलांच्या नऊ जोड्या
आणि दोराला अख्खा गाव.
पैसे कुणी घेत नसे. संध्याकाळी जेवण असे:
खड्ड्यात, तापल्या दगडांवर,
शिंपले, बटाटे, डुकराचं मांस, वरून पानं.

भरतीला घर पाण्यात उतरलं
आणि मला ते ओळखूच येईना.
कललेलं, दारांच्या जागी भोकं,
एका लाँचमागे मुकाट चाललेलं.
आई काठावरून त्याला हाका मारत होती.
घराला नाव नव्हतं,
ती आमचीच नावं घेत होती.

डॉक्टर सांगते,
रोज हजारो पेशी सुटतात रक्तात.
प्रवाह त्यांना फाडतो, पहाऱ्यावरच्या पेशी गिळतात,
जवळजवळ सगळ्या वाटेतच मरतात.
एखादीभोवती तुमच्याच प्लेटलेट्स गोळा होतात,
पांघरूण घातल्यासारख्या,
आणि ती दिसेनाशी होते.

आमच्याकडे हिशेब उलटा होता.
घरं बहुतेक पोचायची.
बुडालं ते एकच, नाउएल्किनांचं, खाडीच्या मधोमध;
तीन दिवस त्याच्या ढलप्या किनाऱ्याला लागत होत्या,
मग एक खुर्ची, उभीच आली.

"हाडाच्या मगजात तिला मानवतं," डॉक्टर म्हणते.
"पडून राहते गप्प, वर्षानुवर्षं.
मग कधीतरी हाडाच्याच पेशींना कामाला लावते.
त्या हाड पोखरतात,
आणि त्यातून जे सुटतं त्यावर ही पोसते."

मी विचारलं, दोराला कोण होतं?
तिला प्रश्न कळला नाही.
मला उत्तर कळलं होतं.
दोराला माझीच माणसं.

डोन आबेलिनो, एका डोळ्यानं आंधळा,
चिगुआयांचे चौघे भाऊ, शाळेची बाई बूट काढून चिखलात,
आणि वाकड्या शिंगांचा तो बैल, ज्याला मी साल भरवायची.
कुणाला काही विचारावं लागलं नव्हतं.
बापानं सांगितलं, अमक्या दिवशी,
आणि ते आले.

भाचा म्हणतो, मावशी, तू लढ.
चांगला मुलगा आहे, टीव्ही बघतो.
कुणाशी लढू, फिदेल?
माझ्या रक्तानं पांघरूण दिलं, हाडानं जेवण वाढलं.
शेजारधर्म पाळला बिचाऱ्यांनी.

जुन्या जागी चार दगड राहिले होते.
काकांनी तिथे बटाटे लावले,
त्या वर्षी तसे कुठेच आले नाहीत.
माझ्या डाव्या छातीवर तशीच सपाट जागा आहे.
आंघोळ करताना हात तिथून घसरत जातो
आणि मी समजत होते
की घर गेलं म्हणजे गेलं.

नव्या जागेवर पहिल्या रात्री बापानं चूल पेटवली.
धूर वाकडा निघाला.
इथला वारा घराला अजून माहीत नव्हता.
आई म्हणाली, शिकेल.

महिन्याला एक इंजेक्शन, हाड घट्ट करायला. रोज एक गोळी.
चूल लवकर पेटू नये म्हणून, मी म्हणाले.
या वेळी डॉक्टर हसली, मग खाली बघून लिहू लागली.

फेरीची शिडी ओली होती.
दुसऱ्या पायरीवर पाठीत कळ आली आणि मी थांबले.
वरून एका पोरानं हात पुढे केला,
दोर धरून धरून फाटलेला तळवा.
ओढ, मी म्हटलं. सावकाश.